आधी नाव एका रेषेत आण, मग नोकरी शोध

प्रश्न थोडक्यात असा. ट्रान्स मुलगी, वय 24, बी.कॉम., सोलापूर जिल्ह्यातलं गाव. एका सीए ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम केलेलं. केस वाढवून कुर्ता-लेगिंगमध्ये जायला लागल्यावर ‘क्लायंट येतात, बरं दिसत नाही’ म्हणून महिनाअखेरीला हिशेब करून घरी पाठवलं. आता पुण्यात तृतीयपंथी समाजातल्या गुरूंकडे राहते. मार्कशीट, पॅन, पीएफ सगळं जुन्या नावावर. विचारलंय ते असं: ट्रान्स माणसांना घेणाऱ्या कंपन्या कुठल्या? मुलाखतीत सांगायचं की लपवायचं? आणि कंपनीच्या मागे लागू की एखाद्या संस्थेत काम धरू?

मी स्वतः ट्रान्स बाई आहे. पण खाली जे लिहितेय ते एचआरच्या खुर्चीत बसून दिसलेलं आहे. आधी कंपनीत भरतीचं काम केलं, आता आपल्या मुलामुलींना नोकरीला लावायचं आणि कंपन्यांना त्यासाठी तयार करायचं, हेच काम.

कंपन्यांची यादी मी देत नाही, राग मानू नकोस. एकाच कंपनीत बाणेरच्या ऑफिसात मुलगी मजेत असते आणि हडपसरच्या ऑफिसात दुसरी रडकुंडीला येते. फरक मॅनेजरचा असतो, आणि मॅनेजर बदलत राहतात. दुसरं म्हणजे, नोकरी मिळत नाही हे दुःख खरंच आहे, पण माझ्या पाहण्यात मिळालेली नोकरी पहिल्या सहा महिन्यांत सुटून मंगतीवर, म्हणजे पैसे मागायला, परत गेलेल्या जास्त. आणि सुटण्याची कारणं फार मोठी नसतात. खोली मिळाली नाही, संडास कुठला वापरायचा ते ठरलं नाही, पगाराच्या खात्याचं नाव जुळलं नाही. 2017 मध्ये कोची मेट्रोने वीसहून जास्त ट्रान्सजेंडर कर्मचारी घेतले, देशभर कौतुक झालं. पण काही जणींना शहरात कुणी भाड्याने घरच देईना. लॉजचं रोजचं भाडं त्या पगारात बसेना, म्हणून त्यांनी काम सोडलं. नोकरी देणाऱ्याची नियत चांगली होती, तरी हे झालं. म्हणून तुझ्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करते. आधी कागद आणि खोली, नंतर कंपनी.

कागदांवर जरा जास्त लिहिते, कारण इथेच सगळं अडतं.

पाया म्हणजे ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याखाली ते जिल्हाधिकारी देतात, अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवरून करायचा. 2020 च्या नियमांत 30 दिवसांची मुदत लिहिलेली आहे. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर जे मागितलंय तेच खरं मानायचं, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय जोडलं होतं ते नव्हे. अडलं तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा, आणि प्रत्येक खेपेला पोच घे. तोंडी ‘होईल, होईल’ याला काही अर्थ नसतो. सोबत नावबदलाचं राजपत्रही काढून ठेव. कायद्याने प्रमाणपत्र पुरेसं असलं तरी बँकेतला आणि विद्यापीठातला कारकून ‘गॅझेट कुठंय’ असंच विचारतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

नाव काय घ्यायचं याचा विचार अर्जाआधी कर. आधारमध्ये नाव दोनदा बदलता येतं, लिंग एकदाच. स्पेलिंग आज एक आणि उद्या दुसरं, अशी चैन परवडत नाही. आपल्याकडे तर मधलं नाव वडिलांचं असतं. ज्या बापाने घराबाहेर काढलं त्याचं नाव कशाला मिरवू, हे मला समजतं. काही जणी तिथे गुरूंचं नाव घालतात. तरीही माझा सल्ला रोकडा आहे: शक्य असेल तर फक्त पहिलं नाव बदल, मधलं आणि आडनाव तसंच ठेव. जातीचा दाखला, जात वैधता, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पीएफ ही सगळी साखळी त्या दोन शब्दांवर जुळते. पहिलंच नाव बदललेलं असेल तर पडताळणी करणाऱ्याला ‘हीच ती’ हे पटतं. तिन्ही बदलली की तू त्याच्या लेखी वेगळीच व्यक्ती. तू राखीव प्रवर्गातली असशील तर हे आणखी महत्त्वाचं. तो हक्क ट्रान्स झाल्यामुळे जात नाही, पण कागद तुटला की वापरता येत नाही.

मग क्रमाने आधार, पॅन, बँक, पीएफ. पॅनला 2018 पासून ट्रान्सजेंडरचा रकाना आहे. आधार बदललं आणि पॅन तसंच राहिलं तर दोन्हीची जोडणी अडते, टीडीएसचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. पीएफच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झालीय. तुझा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा असेल आणि आधारशी जोडलेला असेल, तर जानेवारी 2025 पासून नाव आणि लिंग ऑनलाइन दुरुस्त करता येतं, जुन्या मालकाच्या सहीशिवाय. म्हणजे त्या सीए साहेबांच्या दारात जायची गरज नाही. नवीन कंपनीत नवा यूएएन मात्र काढू नकोस. ‘पहिलीच नोकरी’ म्हणून टिक केलं की अनुभवही गेला आणि पडताळणीत खोटंही ठरलीस.

मार्कशीटला वेळ लागतो. नियमांना जोडलेल्या यादीत दहावी, बारावी, पदवी सगळं आहे, नव्या प्रतीवर जुनाच अनुक्रमांक राहील असंही म्हटलंय. प्रत्यक्षात बोर्डाच्या विभागीय कार्यालयात आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खेटे घालावे लागतात. तोवर नोकरी शोधायची थांबू नकोस. एक पीडीएफ तयार ठेव: प्रमाणपत्र, राजपत्र, जुन्या नावाची मार्कशीट, नव्या नावाचं आधार. चार पानं, याच क्रमाने.

ती वापरायची जागा म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, उमेदवाराच्या कागदांची पडताळणी. हे काम बहुतेक कंपन्या बाहेरच्या एजन्सीला देतात. एजन्सीच्या फॉर्मवर एक रकाना असतो, ‘पूर्वी इतर कुठल्या नावाने ओळखले जात होता का’. आपल्या मुली तो लाजेने कोरा सोडतात. मग एजन्सी विद्यापीठाला नव्या नावाने विचारते, विद्यापीठ ‘अशी विद्यार्थिनी नाही’ म्हणतं, आणि रिपोर्टवर ‘विसंगती’ असा शेरा येतो. तो शेरा पाहणाऱ्याला तू कोण हे माहीत नसतं, त्याला बनावट डिग्री दिसते. रकाना भर. आणि ऑफर येण्याआधीच एचआरला दोन ओळींची मेल टाक: ‘माझे शैक्षणिक कागद माझ्या पूर्वीच्या नावावर आहेत. नावबदलाची कागदपत्रं सोबत जोडली आहेत. व्हेरिफिकेशन एजन्सीला ही माहिती द्यावी आणि ती इतर कुणाला दाखवू नये, ही विनंती.’ बस. आत्मकथा नको, माफी नको.

तुझा दुसरा प्रश्न यातच बराचसा सुटतो. सांगायचं की लपवायचं असं दोनच टोकांत बघू नकोस. कुणाला, किती आणि कधी, हे ठरव. कागद बघणाऱ्या एचआरला, निवड होत आली की, कागदापुरतं. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याच्याशी मुलाखतीत फक्त कामाचं बोलायचं. जीएसटीचं 2बी विवरण आणि खरेदीची वही यांचा मेळ कसा घालतेस, पुरवठादाराने रिटर्न भरलंच नाही तर इनपुट क्रेडिटचं काय करतेस, यावर दहा मिनिटं बोललीस की समोरचा तुझ्या आवाजाकडे लक्ष देत नाही. निदान कमी देतो.

आवाजावरून आठवलं. पहिली फेरी बहुधा फोनवर असते आणि तिथे ‘सर’ ऐकावं लागतं. फोनच्या आधी भरती करणाऱ्याला मेसेज टाकून ठेव: ‘मी अमुक, माझ्यासाठी मॅडम किंवा नुसतं नाव चालेल.’ तरी ‘सर’ म्हणाला तर एकदा सहज दुरुस्त कर आणि पुढे जा. तिसऱ्यांदाही म्हणाला तर समज, त्या ऑफिसात कसं असेल.

‘ऑपरेशन झालंय का?’ हे अजूनही विचारतात. उत्तर पाठ करून ठेव: ‘कंपनी सगळ्यांची जी वैद्यकीय तपासणी करते ती करून घ्यायला मी तयार आहे.’ चेहरा साधा ठेवून म्हण. मधल्या रिकाम्या काळाबद्दल विचारलं तर नावबदलाची आणि ओळखीची कागदपत्रं करत होते, हे खरंच आहे, तेच सांग. (ट्रान्स मुलांची अडचण वेगळी. दाढी-मिशी आलेल्या मुलाच्या सीव्हीवर ‘कन्या प्रशाला’ लिहिलेलं असतं. सीव्हीवर शाळेचं नाव लिहायलाच हवं असं कुठे आहे? बोर्ड आणि वर्ष पुरतं.)

आता तू विचारायचे प्रश्न. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात, तेव्हा गप्प बसू नकोस. माझा आवडता प्रश्न असा: तुमच्याकडे पूर्वी ट्रान्स कर्मचारी घेतले होते का, आणि त्यातले आज किती आहेत? जून महिन्यात, प्राइडच्या महिन्यात, इंद्रधनुष्याचा लोगो लावणं सोपं असतं, या प्रश्नाचं उत्तर द्यायला फाईल उघडावी लागते. दुसरा, तक्रार अधिकारी कोण? 2019 च्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तो नेमायचा असतो, आणि आलेल्या तक्रारीची चौकशी 15 दिवसांत करायची असं नियम सांगतात. एचआरला त्याचं नाव सांगता आलं नाही म्हणून कंपनी वाईट असं नाही, पण ‘बघून सांगते’ म्हणून दोन दिवसांत खरंच सांगितलं का, त्यावरून बरंच कळतं.

ऑफर हातात आल्यावरचे प्रश्न आणखी साधे. संडास कुठला, कुठल्या मजल्यावर, आणि हे बाकीच्यांना कोण सांगणार? संध्याकाळची शिफ्ट असेल तर कॅबच्या यादीत मला बायकांच्या नियमाने धरणार का, शेवटचा ड्रॉप मलाच देऊन गाडीत एकटी तर ठेवणार नाही ना? आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा: मेल आयडी आणि आयकार्डावर नाव कुठून उचलतात? एका मुलीचे आधारसह सगळे कागद बदललेले होते, पण नोंदणी करताना कुणीतरी तिच्या मार्कशीटवरून नाव टाकलं. पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता ‘टीममध्ये स्वागत’ची मेल शंभरेक लोकांना जुन्या नावाने गेली. तिने कुणाला काही सांगायचं की नाही, हा प्रश्नच उरला नाही. नंतर एचआरने दहा वेळा सॉरी म्हटलं. आयटीवाल्याला आदल्या आठवड्यात एक फोन केला असता तर हे टळलं असतं, म्हणून तो फोन झालाय का, हे तू विचार.

नोकरी शोधायची कुठे? ट्रान्स आणि एकूणच क्विअर उमेदवारांसाठी काम करणारे आहेत. चेन्नईची पेरीफेरी याच कामासाठी ओळखली जाते, प्राइड सर्कल 2019 पासून रोजगार मेळावे भरवते, मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे. तिथे नाव नोंदव. पण त्यावरच बसू नकोस. तुझ्याजवळ हिशेबाचं काम आहे, आणि पुण्यात परदेशी कंपन्यांची हिशेबाची कामं करणारी मोठमोठी ऑफिसं आहेत, त्यांना बिलं तपासणारी, मेळ घालणारी माणसं सतत लागतात. नेहमीच्या जॉब साइटवर इतर बी.कॉम. मुलींसारखाच अर्ज कर. ‘विविधता भरती’च्या नावाखाली तुला रिसेप्शनवर बसवायला बघतील, कारण तिथे फोटो चांगला येतो. नाही म्हण. टाटा स्टीलने 2021 मध्ये वेस्ट बोकारोच्या खाणीत 14 ट्रान्सजेंडर उमेदवार घेतले, ते अवजड यंत्रं चालवायला. मला ते आवडलं, कारण तिथे माणसाच्या हातात कौशल्य आलं, ते पुढच्या खाणीतही चालतं.

आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. पोट भरायला आणि लोकांची नजर बदलायला ते मोठं पाऊल होतं, कमी शिकलेल्या बहिणींना मी तसं काम आनंदाने सुचवते. पण काम कंत्राटावरचं आहे की कायम, हे ज्याने त्याने वाचूनच सही करावी. कंपनीतही तेच. गेटवर कंपनीचं नाव असतं आणि पगार भलत्याच एजन्सीच्या खात्यातून येतो. ऑफर लेटरवर कुणाचं लेटरहेड आहे ते आधी बघ.

सरकारी भरतीचं विचारलं नाहीस, तरी सांगते. 2022 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर राज्य सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथींसाठी पर्याय दिला, त्यामागे साताऱ्याच्या आर्या पुजारीसारख्या ट्रान्स उमेदवारांची मॅटपासूनची (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापासूनची) लढाई होती. 2024 मध्ये राज्याचं तृतीयपंथी धोरण मंजूर झालं. पण कर्नाटकाने 2021 मध्ये दिलं तसं 1 टक्का आडवं (प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण त्या धोरणात आलं नाही. म्हणजे अर्ज भरता येतो, स्पर्धा सगळ्यांशीच. अभ्यासाची तयारी असेल तर भर, पण पोटाची सोय दुसरीकडे करून.

संस्थेत काम धरू का? धर, पण कुठल्या पदावर ते बघ. एचआयव्हीच्या प्रकल्पात पीअर (आपल्यातलीच कार्यकर्ती) किंवा फील्डवर काम म्हणजे आपल्याच वस्तीत, आपल्याच लोकांत. मनाला बरं वाटतं, नावाने हाक मारतात. मग प्रकल्पाचा निधी संपतो आणि सीव्हीवर ‘समुदायाशी संवाद’ एवढंच उरतं. तू गेलीस तर हिशेबाच्या टेबलावर जा. परदेशी देणग्यांचे हिशेब, ऑडिटची तयारी, निधीच्या वापराचे दाखले, हे काम येणारी माणसं कमी आहेत. ते दोन वर्षं केलंस तर पुढे कुठल्याही ट्रस्टमध्ये चालेल.

आधीच्या साहेबांचं काय? त्याच 2019 च्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे ट्रान्स आहे म्हणून नोकरीत भेदभाव करता येत नाही. तुझ्याकडे मेसेज असतील तर जपून ठेव. पण कोर्टाची वाट लांब आहे हेही जाण. जेन कौशिक या शिक्षिकेला 2022 च्या अखेरीस आणि पुन्हा 2023 मध्ये, दोन राज्यांतल्या दोन खासगी शाळांचा असाच अनुभव आला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 17 ऑक्टोबर 2025 ला लागला. भरपाई मिळाली, समान संधी धोरणाचा मसुदा करायला समितीही नेमली गेली. आपल्या सगळ्यांसाठी ते मोलाचं झालं, तिची मधली वर्षं मात्र गेलीच. तुझ्या जागी मी आधी अनुभवपत्र मिळवलं असतं. साधी मेल टाक, तारखा आणि कामाचं स्वरूप माग, दोन्ही नावं लिहून दे म्हणून सांग. न दिल्यास पगाराच्या नोंदीचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक पुरावा म्हणून चालतं.

गुरूंकडून पळून जाऊ नकोस. नोकरी लागली की त्यांना विश्वासात घे, महिन्याला किती द्यायचं, बधाईला (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला) कधी येणार आणि कधी येणार नाही, हे स्पष्ट बोलून ठेव. बऱ्याच गुरूंना चेला ऑफिसात जाते याचा अभिमानच असतो. ज्यांना नसतो त्यांच्याशी बोलायला सोबत एखादी वडीलधारी घेऊन जा. बँकेचं खातं आणि एटीएम कार्ड मात्र तुझ्याच हातात. पगार महिना भरल्यावर येतो, डिपॉझिट आधी लागतं, म्हणून दोन महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय तिथून निघायची घाई नको. घरमालकाला दाखवायला कंपनीकडून पत्त्यासाठीचं पत्र माग, ते सहसा नाही म्हणत नाहीत. भाडेकरार तुझ्या नव्या नावाने नोंदव, पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कामाला येईल.

आणि शस्त्रक्रिया मनात असेल तर ती प्रोबेशनमध्ये नको. नोकरी कायम झाली की कंपनीच्या ग्रुप विम्यात ती बसते का, हे पॉलिसीच्या कागदावर बघ, एचआरच्या तोंडी शब्दावर नको. आयुष्मान भारतमध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 5 लाखांपर्यंतचं वेगळं पॅकेज आहे, त्यालाही तेच ओळख प्रमाणपत्र लागतं. रजा मागताना ‘शस्त्रक्रिया, इतके आठवडे’ एवढंच मॅनेजरला, तपशील फक्त विम्याच्या माणसाला. तारीख मात्र 31 मार्चच्या आसपास धरू नकोस. अकाउंट्समध्ये त्या आठवड्यात रजा मागणारी बाई ट्रान्स असो की नसो, साहेब सारखाच चिडतो.